बोर्डाचं नाव विचारायचं नाही

चार वर्षं वापरलेला एखादा फोन हातात घेऊन बघा. काच शाबूत असते, कॅमेरा चालतो, बॅटरी थोडी मंदावलेली असली तरी दिवस काढते. सेटिंगमध्ये जाऊन अपडेट शोधलं, की 'तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे' असं उत्तर मिळतं. त्याखाली सुरक्षा अपडेटची तारीख मात्र दीड-दोन वर्षांपूर्वीची असते. फोन बिघडलेला नसतो. त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर तयार करणं कुणाला तरी परवडेनासं झालेलं असतं.

कंपनीला नवा फोन विकायचा असतो, हे त्यामागचं उघड कारण. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, पण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी पुण्यात एका कंपनीत लिनक्सचे ड्रायव्हर लिहिते. कोणती ओळ कोणत्या फाइलमध्ये लिहायची, यावरून आमच्याकडे जितके वाद होतात तितके पगारावरूनही होत नसतील. बाहेरच्या माणसाला हा वाद कपाटातल्या खणांवरून चाललाय असं वाटेल. त्या वादाचा तुमच्या फोनच्या आयुष्याशी संबंध आहे, म्हणून हा लेख.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादं उपकरण यांच्यामध्ये बसलेला कोड. स्क्रीनवर बोट कुठे टेकलं हे टचच्या चिपला विचारून वर कळवणारा, तो टचचा ड्रायव्हर. तीच चिप एखाद्या फोनमध्ये असते, तिकीट देणाऱ्या मशीनमध्ये असते, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरही असू शकते. प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या बोर्डावर बसवलेली असते. तिची कोणती पिन कुठे जोडली आहे, तिला वीज कुठून मिळते, हे बोर्ड ठरवतो. म्हणून नियम असा, की चिपचा स्वभाव ड्रायव्हरमध्ये लिहायचा आणि बोर्डाची मांडणी दुसऱ्या जागी. नियम एवढा साधा असूनही मोडला जातो, कारण त्या दिवशी तो मोडणं फार सोयीचं असतं.

अकरा अटी

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक टचचा ड्रायव्हर आला. आधीच्या टीमने लिहिलेला, तीन बोर्डांवर व्यवस्थित चालणारा. क्लायंटने चौथा बोर्ड बनवला होता आणि त्यावर टच चालत नव्हता. कोड उघडला तर त्यात 'हा बोर्ड असेल तर असं कर, तो असेल तर तसं कर' अशा अकरा अटी होत्या. आमच्या भाषेत, अकरा इफ.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. टचच्या चिपला रीसेटची पिन असते. तिच्यावरचं व्होल्टेज खाली आणलं की चिप रीसेटमध्ये अडकून राहते, वर नेलं की जागी होते. पहिल्या बोर्डावर प्रोसेसरपासून निघालेली रेघ थेट या पिनला जात होती. दुसऱ्या बोर्डावर वाटेत एक ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्यामुळे सिग्नल उलटा व्हायचा. प्रोसेसरने 'वर' म्हटलं की चिपला 'खाली' पोचायचं. म्हणून कुणीतरी ड्रायव्हरमध्ये लिहिलं, दुसरा बोर्ड असेल तर उलटं कर. तिसऱ्या बोर्डावर रेघ सरळ होती, पण प्रोसेसरची पिन वेगळी होती. आणखी एक अट.

या सगळ्या अटींच्या शेवटी एक 'एल्स' होता. वरचं काहीच लागू नसेल तर काय करायचं, ते त्यात लिहितात. त्यात पहिल्या बोर्डाची पिन होती आणि पहिल्या बोर्डाची दिशा. नेमका आमच्या चौथ्या बोर्डावर ट्रान्झिस्टर होता. ड्रायव्हर त्याला ओळखत नव्हता, त्यामुळे त्याने चौथ्याला पहिला समजून वागवलं. चिपला जागं केलं असं त्याला वाटत होतं, पण ती कायमची रीसेटमध्ये पडून होती. लॉगमध्ये एवढंच दिसायचं, की चिप उत्तर देत नाही. हार्डवेअरच्या टीमने दीड दिवस सोल्डरिंग तपासलं. सोल्डरिंगमध्ये काही दोष नव्हता.

तो एल्स माझ्या डोक्यात बसला. वाचताना वाटतं, एल्स म्हणजे बाकीचे सगळे. तिथे बाकीच्यांचा विचार कुणी केलेलाच नव्हता. जो बोर्ड सगळ्यात आधी टेबलावर आला, त्याच्या सवयी तिथे सर्वसाधारण नियम होऊन बसल्या होत्या.

आमचे टीम लीड म्हणाले, "बारावी अट टाक. दहा मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी बिल्ड द्यायची आहे."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. क्लायंट आम्हाला चालणाऱ्या बोर्डाचे पैसे देतो, स्वच्छ कोडचे देत नाही. मी विचारलं, "सर, या फाइलला हात लावला तर आधीचे तिन्ही बोर्ड परत टेस्ट करावे लागतील ना? ते आहेत कुठे?"

एक लॅबच्या कपाटात होता. दुसरा क्लायंटकडे परत गेला होता. तिसऱ्याचं उत्पादनच बंद झालं होतं. म्हणजे ज्या बोर्डांची आठवण कोडमध्ये जपून ठेवली होती, त्यातले दोन आमच्यापैकी कुणाच्याच टेबलावर नव्हते. ती अट अजून बरोबर आहे की नाही हे कुणी तपासू शकत नव्हतं आणि काढून टाकायची हिंमतही कुणाला होत नव्हती.

संध्याकाळची बिल्ड बारावी अट टाकूनच गेली. मग मला दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत ड्रायव्हरमधून बोर्डांची नावं काढली. आता तो कर्नलला म्हणतो, मला 'रीसेट' नावाची रेघ दे. नंतर म्हणतो, रीसेट लागू कर, आणि थोड्या वेळाने, रीसेट काढ. ती रेघ कितव्या पिनवर आहे, वाटेत सिग्नल उलटा होतो का, हे त्या त्या बोर्डाच्या वर्णनात एका ओळीत लिहिलेलं असतं. उलटसुलट करायचं काम कर्नल परस्पर करतो. लिनक्समध्ये ही सोय आधीपासून होती, ती वापरायची तेवढी राहिली होती.

या साफसफाईमुळे जुन्या बोर्डांनाही हात लागलाच. कपाटातला बोर्ड आम्ही तपासला, दुसरा क्लायंटने त्यांच्याकडे चालवून पाहिला आणि बंद पडलेला तिसरा जुन्या आवृत्तीवरच ठेवला. ही किंमत मोजावी लागते, पण एकदाच. इफ घालत राहिलं तर ती प्रत्येक नव्या बोर्डागणिक मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा इफ घालणारा ती मोजत नाही.

लिनक्सचा पहिला बोर्ड

हा प्रकार फक्त आमच्या कंपनीत होतो असं नाही. खुद्द लिनक्स याच वाटेने गेलं आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल जाहीर केलं, तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं, की ती दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर नेता येण्यासारखी नाही. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या खास सुविधा त्याने सरळ वापरल्या होत्या. त्याच्या टेबलावर तेच मशीन होतं. मार्च १९९५ मधल्या १.२ आवृत्तीत डेकचा अल्फा, सनचा स्पार्क आणि मिप्स या प्रोसेसरांना आधार मिळाला. मशीनप्रमाणे बदलणारा कोड एका बाजूला आणि सगळ्यांचा सामाईक कोड दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्या वेळी करावी लागली.

पण ती वाटणी टिकवणं अवघड होतं, विशेषतः आर्म प्रोसेसरांच्या जगात. पीसीमध्ये पीसीआय किंवा यूएसबीवरची उपकरणं आपली ओळख स्वतः सांगतात. प्रत्येकाकडे कंपनीचा आणि उत्पादनाचा क्रमांक असतो, कर्नल विचारतो, उपकरण उत्तर देतं. आर्मच्या चिपमध्ये आतले बरेचसे भाग मुके असतात. अमुक पत्त्यावर घड्याळ आहे, तमुक पत्त्यावर सीरियल पोर्ट आहे, हे कर्नलला आधीच माहीत असावं लागतं. त्यासाठी प्रत्येक बोर्डाची एक सी भाषेतली फाइल थेट कर्नलमध्ये घालायची पद्धत होती. स्मार्टफोनचा पूर आला आणि या फाइलींचाही. प्रत्येक कंपनी शेजारच्या बोर्डाची फाइल कॉपी करायची, चार आकडे बदलायची आणि पाठवून द्यायची. २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे चिडला.

उत्तर म्हणून जे आलं, ते नवं नव्हतं. सनच्या मशीनमध्ये आणि पॉवरपीसीवाल्या जुन्या मॅकमध्ये ओपन फर्मवेअर होतं. त्यात मशीनचं वर्णन एका झाडासारखं मांडून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिलं जायचं. लिनक्समध्ये पॉवरपीसीसाठी ते आधीच वापरात होतं. आर्मनेही तोच डिव्हाइस ट्री स्वीकारला. बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये, कोड वेगळा, आणि मशीन सुरू होताना बूटलोडर ते वर्णन कर्नलला देतो. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून आर्मच्या वेगवेगळ्या कुळांतल्या चिपवर एकच कर्नल चालवता येऊ लागला. आमच्या टचच्या ड्रायव्हरचं दोन दिवसांचं काम याच विचाराची छोटी आवृत्ती होती.

जी ओळ आपल्या मशीनवर काहीच करत नाही

बोर्डाचं नाव कोडमध्ये लिहिलेलं असेल तर निदान शोधता तरी येतं. गृहीतकं शोधताही येत नाहीत.

एक उदाहरण देते. नेटवर्क कार्डासारखं उपकरण प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा लिहितं. त्याच वेळी प्रोसेसरकडे त्याच मेमरीची जुनी प्रत त्याच्या जवळच्या मेमरीत, म्हणजे कॅशेमध्ये, पडलेली असू शकते. पीसीवर हार्डवेअरच दोन्हींचा मेळ घालतं. बऱ्याच आर्म चिपवर तो आपोआप होत नाही. म्हणून लिनक्सचा नियम आहे, की मेमरी उपकरणाच्या ताब्यात देताना आणि परत घेताना ड्रायव्हरने तसं कर्नलला सांगायचं. साध्या पीसीवर हे सांगणं जवळजवळ काहीच करत नाही. ते गाळलं तरी ड्रायव्हर बहुधा व्यवस्थित चालतो. तोच ड्रायव्हर आर्मच्या बोर्डावर नेला, की कधी बरोबर डेटा मिळतो, कधी मघाचा शिळा. असा बग पकडायला आठवडे जातात.

म्हणजे आपल्या मशीनवर काहीच फरक न पाडणारी ओळ लिहायची, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर तिचा फरक पडतो. ही शिस्त फक्त स्वतःच्या टेबलावर टेस्ट करून अंगी येत नाही.

अॅप लिहिणाऱ्यांनाही हल्ली याची चव मिळाली आहे. मेमरीचं एक पान म्हणजे ४०९६ बाइट, हे इतकी वर्षं इतक्या ठिकाणी खरं होतं की लोकांनी तो आकडाच कोडमध्ये लिहून टाकला. अँड्रॉइड १५ मध्ये १६ केबीच्या पानांची सोय आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने, अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी येणाऱ्या नव्या अॅपना आणि अपडेटना ती पानं चालली पाहिजेत, अशी अट घातली. ज्यांनी सिस्टिमला पानाचा आकार विचारला होता, त्यांचं काम बहुतेक नव्याने बिल्ड करण्यावर निभावलं. ज्यांनी ४०९६ लिहिलं होतं, त्यांना तो आकडा कुठे कुठे लपलाय हे शोधत बसावं लागलं.

फोनचं आयुष्य

आता फोनकडे येऊ. तुमच्या अँड्रॉइड फोनमधला कर्नल मूळ लिनक्समधून थेट येत नाही. गूगल त्यात अँड्रॉइडसाठीची भर घालतं. मग प्रोसेसर बनवणारी कंपनी त्याची प्रत घेऊन आपल्या चिपसाठी बदल करते. फोन बनवणारी कंपनी त्या प्रतीचीही प्रत घेते आणि आपल्या मॉडेलसाठी आणखी बदल करते. फोनवर चालणाऱ्या कर्नलचा निम्म्यापर्यंत कोड मूळ लिनक्सच्या बाहेरचा असू शकतो, असं गूगलच्याच दस्तऐवजांत म्हटलं आहे.

मूळ लिनक्समध्ये एखादं भगदाड बुजवलं, तर तो बदल या सगळ्या पायऱ्या उतरून तुमच्यापर्यंत यायला हवा. प्रत्येक पायरीवर त्याच सामाईक फाइली कुणीतरी आपल्यापुरत्या बदललेल्या असतात. ते बदल हाताने जुळवायचे, परत टेस्ट करायचे. चिपवाल्या कंपनीने जुन्या चिपसाठी हे काम थांबवलं, की फोनवाल्या कंपनीला पुढे जाणं जड जातं. कुणाच्या तरी घाईतल्या इफची किंमत शेवटी तो फोन वापरणारा माणूस देतो, आणि त्याला ते कळतही नाही.

यावर गूगलने दोनदा रेघ ओढली. २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ सोबत, प्रोजेक्ट ट्रेबल आलं. त्याने अँड्रॉइडची सामाईक बाजू आणि हार्डवेअर कंपन्यांचा कोड यांच्यामध्ये ठरलेली सीमा आखली. पुढे अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नल घेऊन बाजारात येणाऱ्या फोनपासून कर्नलचा गाभा सगळ्यांसाठी एक ठेवायचा, आणि चिपचं, बोर्डाचं जे काही असेल ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवायचं, असं ठरलं. २०२३ च्या पिक्सेल ८ ला गूगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. याचं सगळं श्रेय या रेघांना देता येणार नाही. स्पर्धा होती, सरकारी नियमांची चाहूलही होती. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून किमान पाच वर्षांच्या अपडेटचा नियम लागू झालाच. पण असं आश्वासन पाळायचं तर सामाईक काय आणि आपलं काय हे आधी वेगळं करावं लागतं, हे मी रोज बघते.

हार्डवेअर खोटं बोलतं तेव्हा

हे सगळं वाचून वाटेल, की वर्णन वेगळं केलं की प्रश्न मिटला. तसं होत नाही, कारण हार्डवेअर खोटं बोलतं. पेन ड्राइव्हला विचारतात, तुझ्या शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक काय? मोजणी शून्यापासून असते, म्हणून हजार ब्लॉक असतील तर उत्तर ९९९ यायला हवं. काही उपकरणं १००० सांगतात. मग कर्नल जो ब्लॉक अस्तित्वातच नाही तो वाचायला जातो.

अशांसाठी लिनक्समध्ये एक यादी आहे आणि तिच्या फाइलच्या नावाचा अर्थच 'विचित्र उपकरणं' असा आहे. प्रत्येक नोंदीत कंपनीचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि पुढे त्याची खोड. पण सामाईक कोड या कंपनीचं नाव घेत नाही. तो एवढंच तपासतो, की 'आकार एकाने कमी धरायचा' अशी खूण लागली आहे का. उद्या त्याच खोडीचं दुसरं उपकरण आलं तर यादीत एक नोंद वाढते, कोड तसाच राहतो. नाव कुठेतरी लिहावंच लागतं. ते एका जागी, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं बरं.

उलट टोकाची चूकही मी पाहिली आहे. बोर्ड एकच, दुसरा येईल याची खात्री नाही, आणि दहा बोर्डांची सोय म्हणून चार थरांचं सॉफ्टवेअर. दुसरा बोर्ड येतो तेव्हा नेमकी तीच गोष्ट बदललेली असते जिची सोय कुणी केली नव्हती. माझ्यापुरता नियम असा, की दुसरा बोर्ड आला की थांबून विचार करायचा. पहिल्यात आणि त्याच्यात खरोखर काय वेगळं आहे, हे तेव्हाच दिसतं.

नाव आणि गरज

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा, एजंटचा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतला एक असतो, "आडनाव काय?" घरमालकाला हवं असतं वेळेवर भाडं आणि घराची नीट निगा. ते तो विचारत नाही. आडनाव ऐकून तुम्ही काय खाता, घरी कोण येईल, हे सगळं मनातल्या मनात ठरवतो. त्याच्या यादीत तुमचं आडनाव नसेल तर तुम्ही एल्समध्ये जाता, आणि एल्समध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला कुणी सांगत नाही.

माणसांचा प्रश्न बोर्डांपेक्षा फार मोठा आहे आणि तो एका फाइलने सुटणारा नाही, हे मला कळतं. पण ड्रायव्हरमध्ये 'तू कोणता बोर्ड?' ही ओळ दिसली की मला तो प्रश्न आठवतो. दोन्हीकडे काय हवंय ते विचारायचं सोडून नावावरून अंदाज बांधलेला असतो. आणि दोन्हीकडे अंदाज चुकल्याचा त्रास विचारणाऱ्याला होत नाही.

गेल्या वर्षी त्याच क्लायंटचा पाचवा बोर्ड आला. तेव्हा मी दुसऱ्या कामावर होते. माझ्यानंतर रुजू झालेल्या एका मुलाने त्या बोर्डाचं वर्णन लिहिलं. त्यात टचच्या चिपचा पत्ता होता, रीसेटची पिन होती आणि रेघ सरळ असल्याची नोंद होती. टच पहिल्याच दिवशी चालला. त्याने टचच्या ड्रायव्हरची फाइल उघडलीसुद्धा नव्हती. त्याच प्रोजेक्टमधल्या ऑडिओच्या ड्रायव्हरमध्ये मात्र अजून सात इफ आहेत. त्यासाठी दोन दिवस मागायचे आहेत.